पिसाची बरकत

इटलीतल्या पिसाला लोक कलता मनोरा बघायला जातात. मी शेजारच्या कॅथीड्रलपाशीच रेंगाळलो. पालेर्मोच्या मुसलमानी बंदरावर स्वारी करून आणलेल्या लुटीतून अकराव्या शतकात ते उभारलं गेलं, असं दर्शनी भिंतीवरच कोरलंय. १८२८पर्यंत त्याच्या छपरावर पंख असलेला एक ब्राँझचा पशू होता. आता तो तिथल्या संग्रहालयात आहे. त्याच्या अंगावर कुफी वळणाची अरबी अक्षरं आहेत. मला ती वाचता येईनात. वाटाड्यानं एक शब्द सांगितला : बरकत!

जोंधळे मोजताना आई पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे, ‘बरकत’ म्हणे.

लुटलेल्यांची दुआ लुटणाऱ्यांच्या माथ्यावर शतकानुशतकं उभी होती. न वाचता आलेली दुआ लागते का हो? मला वाटतं, लागते.