मंडळाची पेटी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात तिघा कार्यकर्त्यांच्या वतीने वाचलेले भाषण)



आजच्या या मेळाव्यात दोन शब्द बोलण्याची आम्हां तिघांना आज्ञा झाली आहे. वक्तृत्व हा आमचा प्रांत नव्हे. आमचा हात करवतीवर व रंध्यावर बसलेला. विषयही असा की, यात भाषण करण्याजोगे ते काय आहे, असे कोणी म्हणेल. मंडळाचे ध्वनिक्षेपक यंत्र व त्याचे सामान गावोगाव नेण्यासाठी आम्ही एक लाकडी पेटी केली. ती कशी केली आणि दोनदा का करावी लागली, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. परंतु त्या पेटीच्या पोटात आपल्या ज्ञातीच्या दृष्टीने विचार करण्याजोगे काही आहे असे आम्हांस वाटते, म्हणून हे धाडस.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचा समारंभ मुरबाडच्या बाजूस ठरला होता. दिवस आषाढातले. शहापुराहून किन्हवली, सरळगाव या वाटेने टेंपो निघाला. त्यात खुर्च्या, जेवणाची मोठाली पातेली, आणि त्यांच्यामध्ये गोणपाटात गुंडाळलेले आपले यंत्र. हे बांधणारे आम्हीच, तेव्हा दोष दुसऱ्या कोणाचा नव्हे. पावसाळ्यात आपल्याकडील रस्त्यांची स्थिती आम्ही आपणांस सांगावी असे नाही. मुक्कामी पोचून गोणपाट सोडले तो वरून सर्व ठीक दिसत होते. पण कळ दाबली तरी यंत्र मुके!

त्या दिवशी ज्ञातीतील एक वयोवृद्ध कारागीर बोलावयास उभे राहिले होते. बलुत्याचा काळ त्यांनी पाहिलेला; बैलगाडीची चाके हाताने भरणाऱ्यांपैकी आपल्या भागातले ते शेवटच्या काहींपैकी एक. धंद्याची हकीकत सांगण्यासाठी त्यांनी महिनाभर वहीत टिपणे केली होती. ते वीस मिनिटे बोलले. परंतु छपरावर पाऊस कोसळत होता आणि पहिल्या दोन रांगांपलीकडे एक अक्षर पोचले नाही. मागची मुले आपापसांत बोलू लागली. त्यांनी वही मिटली, हात जोडले आणि ते खाली बसले. पुढील मेळाव्यास ते आपल्यात नव्हते.

बंधूंनो, यंत्र दुरुस्त झाले. मोडले काय होते, हे दुरुस्त करणाराने आम्हांस उघडून दाखविले. यंत्रातील सर्वांत जड भाग ट्रान्सफॉर्मर. गाडी खड्ड्यात आदळली की तो आपल्या जागेवरून ओढ घेतो आणि त्याच्या शेजारचे नाजूक सांधे तुटतात. बाहेर ओरखडाही नसतो. त्या वेळी आमच्या मनात आले, आपण सुतारांची लेकरे. लोकांच्या घरांना दारे केली, देवांना देव्हारे केले, आणि मंडळाची वस्तू मात्र गोणपाटात! ही नामुष्की धुऊन काढावयाची असे आम्ही ठरविले.

वास्तविक ही विद्या आपल्या प्रांताला नवी नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीने १८८० साली पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून संगीत नाटकाच्या मंडळ्या गावोगाव फिरल्या. पोषाख, वाद्ये, पडदे यांचे सारे बिऱ्हाड त्यांच्याबरोबर हिंडे. माळशेज घाटापलीकडे नारायणगाव हे तमाशाच्या फडांचे मोठे केंद्र. हे फड यात्राजत्रांच्या हंगामात आपले सर्व सामान मालमोटारीत भरून रात्रीच्या रात्री गाव बदलतात. पौष पौर्णिमेस भरणारी म्हशाची यात्रा आपण सर्वांनी पाहिली आहे. तेथे कनातीच्या मागे जाऊन पाहावे म्हणजे कळते की, ज्याचे पोट सामानावर आहे तो ते कधी मोकळे ठेवीत नाही. परदेशातही हाच अनुभव. अमेरिकेतील विमान कंपन्यांच्या संघटनेने मालाच्या पेट्यांसाठी 'स्पेसिफिकेशन ३००' नावाचे नियम केले. त्यांत सर्वांत वरच्या वर्गाची पेटी निदान १०० फेऱ्या टिकली पाहिजे अशी अट आहे. गाण्याबजावण्याच्या सामानाच्या पेटीस आज 'फ्लाइट केस' म्हणतात, ते या विमानप्रवासावरूनच.

आता आमच्या पहिल्या पेटीची कथा ऐका. आम्ही ठरविले की करावयाची तर सागाची. जंगल आपल्या उशाशी असले तरी साग हाताशी आहे असे नव्हे. मालकीच्या जागेतील साग तोडावयासही परवाना लागतो, आणि ते योग्यच आहे. एका बांधवांनी उतरविलेल्या जुन्या घराच्या तुळया दिल्या. त्यांच्या एक इंच जाडीच्या फळ्या काढल्या, कोपरे कबुतराच्या शेपटीसारख्या सांध्यांनी जोडले, पितळी कड्या बसविल्या, वर चकचकीत रोगण दिले. पेटी इतकी देखणी झाली की पाहणाराने हात फिरवीत राहावे. आम्हांस त्याचा अभिमान वाटला, आणि तेथेच चूक झाली.

पहिला दोष वजनाचा. पेटी बाहेरून ७० सेंटिमीटर लांब, ५० रुंद व ४० उंच. सहा बाजूंचे क्षेत्र सुमारे १.६६ चौरस मीटर होते. इंचभर जाडीच्या सागाने नुसत्या फळ्यांचेच वजन २७ किलोच्या घरात गेले. त्यावर लोखंडी-पितळी सामान ५ किलो आणि आतील यंत्र, तारा व मायक्रोफोन मिळून १८ किलो. एकूण ५० किलो! दोघांनी उचलून टेंपोत चढविताना कंबर धरावी लागे. मग व्हावयाचे तेच झाले. दोन कार्यक्रमांनंतर मुलांनी यंत्र पेटीतून काढले आणि पुन्हा गोणपाटात बांधून नेले. पेटी कार्यालयात शोभेला राहिली. जी पेटी उचलवत नाही ती पेटी नव्हे, ते फर्निचर.

दुसरा दोष अधिक लाजिरवाणा. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ बदलत नाही, परंतु रुंदीत ते पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. साग इतर पुष्कळ लाकडांपेक्षा कमी हलतो, पण हलतोच. म्हणून तर आपले वाडवडील दाराच्या झडपेतील फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवीत, खिळ्याने जखडीत नसत. आम्ही मात्र झाकणाच्या रुंद फळ्यांना आडव्या पट्ट्या दोन्ही टोकांस पक्क्या ठोकल्या. चैत्रात फळीस चीर पडली, आणि श्रावणात झाकण असे अडकले की पटाशी घालून उघडावे लागले. जे ज्ञान घरात होते ते आम्ही पेटीच्या वेळी विसरलो.

तेव्हा आम्ही पुन्हा पहिल्यापासून विचार केला. या वेळी लाकूड हातात घेण्यापूर्वी कागद घेतला. आत काय जावयाचे, त्याची लांबी, रुंदी, उंची व वजन, त्यातले जड काय व नाजूक काय, उचलणारे कोण, वाट कशी, पेटी ठेवावयाची कोठे, हे प्रश्न आधी लिहिले. पेटी बाहेरून आत नव्हे, आतून बाहेर रचावयाची असते, हे आमचे या कामातील मुख्य शिक्षण.

फळ्यांऐवजी १२ मिलिमीटर जाडीचे, आय. एस. ७१० खुणेचे प्लायवुड घेतले. प्लायवुडात एकावर एक थर आडवे-उभे असतात, त्यामुळे एक थर फुगू लागला तर दुसरा त्यास धरून ठेवतो. फळ्यांचे वजन २७ किलोवरून १३ किलोवर आले. कड्यांचे व आतील सामानाचे धरून सर्व ३६ किलो. दोघांत वाटले तर प्रत्येकी १८ किलो, म्हणजे कॉलेजातील मुलामुलींनाही झेपणारे. प्लायवुडाच्या काठात स्क्रू नीट धरीत नाही, थर फाटतात. म्हणून चारही कोपऱ्यांत आतून एक इंची चौकोनी सागाची पट्टी दिली आणि स्क्रू तिच्यात घेतले. जुन्या तुळयांचा उपयोग असा झाला. पूर्वीचा जनावरांच्या कातड्याचा सरस दमट हवेत सैल पडतो, म्हणून पाण्यास दाद न देणारा चिकटा वापरला. बाहेरच्या काठांवर ॲल्युमिनियमची कोनपट्टी व टोकांवर लोखंडी टोप्या बसविल्या. कारण पेटीवर घाव बसतो तो बहुधा कोपऱ्यावर. मुठी स्क्रूने न लावता आरपार बोल्टने, आतून रुंद वायसर देऊन आवळल्या.

झाकणाची एक युक्ती तरुणांनी ध्यानात ठेवावी. झाकण व पेटी वेगवेगळी करून जुळवीत बसू नये. सहाही बाजू बंद करून एकच ठोकळा करावा, आणि मग गुण्याने सभोवार रेघ मारून वरचा भाग करवतीने कापून काढावा. एकाच शरीराचे दोन भाग असल्याने ते केसाइतकेही चुकत नाहीत. मात्र कापावयाच्या रेघेवर स्क्रू येणार नाही हे आधी पाहावे. कापल्यावर आतून सभोवार पट्टी अर्धा इंच वर येईल अशी बसविली, म्हणजे झाकण बाजूस सरकत नाही व पावसाचे पाणी सरळ आत येत नाही.

शहरातील पेट्यांना चाके असतात. आम्ही ती बुद्ध्याच लावली नाहीत. फरशीवर चाके उपयोगी. पावसाळ्यात शाळेच्या अंगणातील चिखलात ती रुततात, आणि चालत्या टेंपोत पेटी फिरू लागते. त्याऐवजी बुडाखाली दीड इंच उंचीच्या दोन सागी पट्ट्या दिल्या. तळ ओल्या जमिनीस टेकत नाही, वाळवीचा माग दिसतो, आणि टेंपोत बांधावयाचा दोर खालून ओवता येतो.

आता पेटीचे अंतरंग. धक्का म्हणजे काय, तर चाललेली वस्तू एकाएकी थांबणे. तीच वस्तू दहापट अधिक अंतरात थांबली तर तिच्यावरील जोर सुमारे दहाव्या हिश्शावर येतो. आंब्याच्या पेटीत भाताचा पेंढा भरतात त्याचे मर्म हेच. पण पेंढा ओल धरतो व उंदीर बोलावतो. गादीचा मऊ स्पंज घातला तर जड यंत्र त्यास चेपून तळाला लागते, आणि स्पंज असून नसल्यासारखा होतो. म्हणून आम्ही पाणी न शोषणाऱ्या घट्ट फोमचा सव्वा इंच जाडीचा थर यंत्राच्या सहाही अंगांस दिला. जड यंत्र तळाशी, मायक्रोफोन वरच्या वेगळ्या खणात, आणि तारांची वेटोळी बाजूच्या कप्प्यात. पेटी बंद करून हलविली असता आत आवाज होता कामा नये, ही कसोटी. आवाज आला तर तो नुकसानीचा पहिला निरोप समजावा.

दोन सूचना वापरणारांस. यंत्र चालू असताना तापते. ते पेटीत ठेवून चालवू नये. आणि पावसातून आल्यावर पेटी तशीच कुलूप लावून ठेवू नये. दुसऱ्या दिवशी झाकण उघडून वारा द्यावा, नाही तर आत कोंडलेली ओल यंत्रास खाते.

झाकणाच्या आतल्या अंगास आम्ही एक यादी चिकटविली आहे: यंत्र १, मायक्रोफोन २, तारा ४, जोडण्या, फ्यूज. जाताना एकाने वाचावी, दुसऱ्याने बोट ठेवावे, येताना तसेच. लाकूडकामाला चार दिवस लागले. ही सवय लागावयास वर्ष गेले. परंतु सामायिक वस्तू मोडते ती बहुधा खड्ड्याने नव्हे, 'कोणी तरी पाहील' या शब्दांनी.

नवी पेटी गेली तीन वर्षे डोळखांबपासून म्हशापर्यंत फिरली आहे. तिच्यावर ओरखडे पडले, रंग उडाला; यंत्र एकदाही बंद पडलेले नाही. ती देखणी नाही, आणि त्याचे आम्हांस आता काही वाटत नाही.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात त्या दिवंगत कारागिरांची नात त्यांची वही घेऊन आली. तिने ती याच यंत्रावरून वाचून दाखविली. कोणत्या गावी किती गाड्या केल्या, चाकाच्या तुंब्याला कोणते लाकूड घ्यावे, आऱ्यांना कोणते, धाव बसविताना किती तापवावी, असा तो मजकूर. शेवटच्या रांगेत बसलेल्या मुलांनीही तो ऐकला, आणि समारंभ संपल्यावर त्यांतील दोघे वही पाहावयास पुढे आले. ज्यांनी तो स्वतः सांगावयाचा होता ते मात्र नव्हते. ती उणीव कोणतीही पेटी भरून काढू शकत नाही, आणि आम्ही तसे म्हणणारही नाही.

म्हणून शेवटी एकच विनंती. ज्यांच्या घरी असे वृद्ध हात अजून आहेत, त्यांनी त्यांस मंडळाच्या पुढील बैठकीस अवश्य घेऊन यावे. यंत्र वेळेवर व शाबूत पोचेल, याची जबाबदारी आम्ही घेतो. ज्या गावच्या मंडळींना अशी पेटी करावयाची असेल त्यांना मापे व नमुना आम्ही विनामूल्य देऊ, आणि दोन तरुण मदतीस दिले तर करवत धरावयासही येऊ.