तेलाचं राजकारण आणि अर्धा कोयता

(अंबाजोगाई येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेलं भाषण)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव 'ऊर्जासाधनं आणि बड्या राष्ट्रांची स्पर्धा' असं छापलं आहे. ते ऐकून धारूर तालुक्यातल्या आमच्या गटातली एक मावशी म्हणाली, "ताई, हे मोठ्या लोकांचं भांडण. त्यात आपलं काय?" ही मावशी लग्न झाल्यापासून दर दिवाळीनंतर ऊस तोडायला जाते. मी तिला म्हटलं, "मावशी, तुमच्या कोयत्याचा त्या भांडणाशी संबंध आहे." तिला वाटलं, मी थट्टा करतेय. तिला नंतर जे समजावून सांगितलं तेच आज तुमच्यापुढे मांडते.

सुरुवात थोडी लांबून करू. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देश आणि इस्राएल यांचं युद्ध झालं. इस्राएलला मदत करणाऱ्या अमेरिकेला आणि इतर काही देशांना अरब राष्ट्रांनी तेल देणं बंद केलं. तीन डॉलरला मिळणारं तेलाचं पिंप काही महिन्यांत जवळजवळ बारा डॉलरवर गेलं. तेल हे रणगाड्याइतकंच हत्यार आहे, हे तेव्हा सगळ्या जगाला कळलं. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेतमध्ये फौजा घातल्या आणि अमेरिका आपल्या मित्रराष्ट्रांना घेऊन आखातात उतरली. आधीच अडचणीत असलेली आपली परकीय गंगाजळी तेलाच्या वाढलेल्या बिलानं आणखी आटली आणि १९९१ साली देशाला सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं. घरात अडचण आली की आधी बाईच्या अंगावरचं डोरलं सावकाराकडे जातं, तसंच झालं म्हणा ना!

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर मोठा हल्ला केला. युरोपनं रशियाचं तेल आणि वायू घेणं कमी केलं. रशियानं आपलं तेल सवलतीत विकायला काढलं आणि आपल्या देशानं ते घेतलं. आपल्या एकूण तेल-आयातीत रशियाचा वाटा पूर्वी जेमतेम दोन टक्के होता, तो तिसऱ्या हिश्श्याच्याही वर गेला. त्याच कारणावरून अमेरिकेनं ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर जादा २५ टक्के कर लावला आणि एकूण कर ५० टक्क्यांवर नेला. तेल कुणाकडून घ्यायचं हे तुम्ही ठरवायचं नाही, असाच त्याचा अर्थ होता.

आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. त्यामुळे 'परावलंबन कमी करा' असं सरकार म्हणतं तेव्हा ते चूक म्हणत नाही. पण प्रश्न असा, की हे स्वावलंबन कुणाच्या पाठीवर उभं करायचं?

ब्राझीलनं १९७३ च्या दणक्यानंतर १९७५ साली उसापासून इथेनॉल काढून ते मोटारीत घालायचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्या देशाचं तेलाचं बिल त्यामुळे हलकं झालं. पण तो ऊस तोडायला गरीब ईशान्य भागातून हंगामी मजूर येत राहिले. सकाळी डबा बांधून ट्रकमध्ये कोंबून न्यायचं, टनावर पैसे द्यायचे. ऐकल्यासारखं वाटतं ना?

आपणही त्याच वाटेनं निघालो आहोत. २०१४ च्या सुमारास आपल्या पेट्रोलमध्ये दीड टक्का इथेनॉल होतं. २०१८ चं जैवइंधन धोरण आलं, २०३० चं उद्दिष्ट अलीकडे ओढलं गेलं आणि २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचलं. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत, अमेरिका आणि ब्राझील यांच्या पुढाकारानं जागतिक जैवइंधन आघाडी जाहीर झाली. इथेही स्पर्धा सुटलेली नाही. अमेरिकेला आपलं मक्याचं इथेनॉल भारताला विकायचं आहे आणि व्यापाराच्या बोलण्यांत तिनं तो दबाव आणलेला आहे. म्हणजे कालपर्यंत विहिरीतल्या तेलावरून जे चाललं होतं, ते आता शेतातल्या पिकावरून सुरू झालं आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्याकडचं सगळं इथेनॉल उसाचं नाही. अलीकडच्या वर्षांत मका आणि तांदूळ यांचा वाटा उसाहून जास्त झाला आहे. पण महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना इथेनॉलनं मोठा आधार दिला आणि त्या कारखान्यांना ऊस तोडून देणारी माणसं आपल्या जिल्ह्यातून जातात.

आता एक हिशेब करू. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे एक टन उसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळतं. उसाच्या रसापासून केलेल्या इथेनॉलला २०२४-२५ मध्ये लिटरला ६५ रुपये ६१ पैसे भाव होता. म्हणजे एका टनाचे जवळजवळ साडेचार हजार रुपये. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तो टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. लिटरमागे पाच रुपये! साडेचार हजारांतून शेतकऱ्याला उसाचा भाव द्यायचा असतो, वाहतूक असते, कारखान्याचा खर्च असतो, हे मला कळतं. पण ही ३६६ रुपयांची मजुरी एका माणसाची नाही. ती नवरा-बायकोची, म्हणजे एका कोयत्याची आहे.

हा 'कोयता' शब्द नीट ऐका. आपल्याकडे जोडप्याला एक कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता. मी एका मुकादमाची वही पाहिली आहे. त्यात पुरुषांची नावं होती, समोर 'एक कोयता' आणि दिलेल्या उचलीचा आकडा. बाईचं नाव एकाही ओळीत नव्हतं. उचल नवऱ्याच्या हातात पडते, फेडायची मात्र दोघांनी. नवरा आजारी पडला किंवा पळून गेला, तर फिटलेली नाही म्हणून बाईला अडवतात. पहाटे तीनला उठून स्वयंपाक, मग फडात तोडणी, मोळ्या बांधणं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं, रात्री परत चूल. यातलं निम्मं काम हिशेबात अर्धं धरलेलं, उरलेलं निम्मं धरलेलंच नाही.

आणि एक दिवस काम चुकलं तर खाडा. पाळी असो, बाळंतपण असो, ताप असो, खाड्याचे पैसे कापले जातात. २०१९ मध्ये गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न गाजला तेव्हा राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे शंभरात सोळा-सतरा. त्याच काळातल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत देशाचं प्रमाण शंभरात तीन होतं. ही परिस्थिती इथेनॉलच्या आधीपासूनची आहे, ती इथेनॉलनं आणली असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की या पायावर आता देशाच्या ऊर्जेचा एक मजला चढवला आहे आणि पाया कुणी तपासलेला नाही.

पाण्याचंही तेच. नीती आयोगाच्याच अहवालात आहे, की उसाच्या एक लिटर इथेनॉलसाठी सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. आपल्या जिल्ह्यातलं परळीचं वीजकेंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. अशा प्रदेशात हे पाणी कुठून येतं आणि हंडा घेऊन कोण लांब जातं, हे तुम्हाला सांगायला नको.

डिसेंबर २०२३ मध्ये ऊस कमी पडणार म्हणून सरकारनं रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधन घातलं आणि पुढच्या हंगामासाठी ते उठवलं. कारखानदार दिल्लीला गेले, पत्रकं निघाली. बाजारभावाची झळ कारखान्याला लागली की तिची बातमी होते. तीच झळ फडापर्यंत येते तेव्हा कोणी विचारत नाही. आता तोडणीची यंत्रं येताहेत. ती डिझेलवर चालतात, म्हणजे तेल वाचवायचं पीक तेल जाळून कापायचं! पण यंत्र आल्यावर बाईनं पोट कशावर भरायचं, हा प्रश्न कुठल्याच धोरणात दिसत नाही.

मागच्या हंगामात मी एका फडाजवळच्या कोपीवर गेले होते. संध्याकाळी एक पोरगी पाचट पेटवून भाकरी करत होती. धुरानं डोळे लाल झालेले. मी विचारलं, "गॅस नाही का?" ती म्हणाली, "गावाकडं हाय की. इथं कुठं आणू? अन् भरायला पैसे कुठं?" साऱ्या देशाच्या गाड्या चालाव्यात म्हणून ऊस तोडणारी ही मुलगी स्वतः पाचटावर रांधते. बड्या राष्ट्रांच्या भांडणात आपलं काय, याचं उत्तर मला तिथं मिळालं.

मग आपण करायचं काय? इथेनॉल बंद करा, अशी मागणी मी करणार नाही. ती केली तर पहिला फटका याच बायांना बसेल. आपण हिशेब मागायचा. पहिलं, 'कोयता' मोडून दोन माणसं मोजा. बाईची स्वतंत्र नोंद, तिच्या नावाचं ओळखपत्र, तिची मजुरी तिच्या खात्यात. दुसरं, खाडा बंद आणि बाळंतपणाची भरपगारी रजा. तिसरं, फडावर पाणी, संडास, दवाखाना आणि स्वयंपाकाचा गॅस. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून उसाच्या टनामागे दहा रुपये आणि तेवढेच शासनाचे, असं ठरलेलं आहे. साखरेबरोबर इथेनॉलवरही कारखाना कमावतो, तर लिटरमागे काही पैसे या कामासाठी का नकोत?

मागण्या कागदावर राहू नयेत म्हणून एक काम आजच वाटून घेऊ. दसऱ्याच्या आधी, टोळ्या ठरायच्या आत, प्रत्येकीनं आपल्या गावातल्या जाणाऱ्या बायांची यादी करायची. नवऱ्याच्या नावाखाली नाही, स्वतःच्या नावानं. ती यादी घेऊन ग्रामसेवकाकडे ओळखपत्रं मागायची आणि नाकारली तर लेखी नकार घ्यायचा. धारूरच्या मावशीनं तिच्या वस्तीवरची एकतीस नावं मला दिली आहेत. आपलं स्वतःचं नाव तिनं सगळ्यात शेवटी सांगितलं. मी ते यादीत पहिलं लिहिलं आहे.