आतां लपविणें नको



ता. १८ मे २०१७ रोजीं परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनीं हंटिंग्टन रोगानें पीडलेल्या कुटुंबांस व्हॅटिकनांत भेट दिली आणि हें दुखणें ह्यापुढें लपवूं नये असें सांगितलें.

ह्या रोगांत बहुधा तिशी-चाळिशींत हातपाय आपोआप हलूं लागतात, तोल जातो, स्वभाव चिडका होतो. लोक म्हणतात, दारू प्याला. कोणी म्हणतात, बाधा झाली. दोन्ही खोटें. ह्याचें मूळ असलेला जनुकदोष १९९३ सालीं सांपडला. आईबापांपैकीं एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून हें वाडवडिलांच्या पापाचें शासन समजूं नका. जन्मांधाविषयीं विचारिलें असतां प्रभूनें दोष ना त्याजवर ठेविला, ना त्याच्या आईबापांवर.

रोग समूळ बरा करणारें औषध अद्याप नाहीं. सेवा मात्र आपल्या हातीं आहे. रोग्यास सरळ बसवून मऊ अन्न लहान घासांनीं, वारंवार भरवावें; कारण ठसका लागतो व वजन उतरतें. एका वेळीं एकच गोष्ट विचारावी आणि उत्तराची वाट पाहावी. त्याचा राग हा रोगाचा समजावा.

आणि शेजाऱ्यांनो, सेवा करून थकलेल्या त्या पत्नीस आठवड्यांतून एक दुपार विसांवा द्या. ज्युबिलीचें ह्याहून चांगलें अर्पण मला दिसत नाहीं.