क्षमा मागण्याचे बळ

1997 साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ अवतरला, तेव्हा मी लहान होतो. 2020 च्या टाळेबंदीत ती मालिका पुन्हा दाखविण्यात आली. सुरतेतील कोसाडच्या आमच्या बिऱ्हाडी मी ती मुलासमवेत पाहिली. मुकेश खन्नांचे ते गरगर फिरणे पाहून मुलगा हसला. मलाही ते थिटे वाटले. परंतु अखेरच्या बोधप्रसंगात, शक्तिमान समोर येताच चुकलेले मूल ‘सॉरी शक्तिमान’ म्हणाले, तेव्हा मी ओशाळलो. बालपणी माझ्या हातून फुटलेल्या लोणच्याच्या बरणीचा आळ मी धाकट्या बहिणीवर घातला होता. मार तिने खाल्ला होता. त्याच रात्री मी तिला दूरध्वनी केला. उडणे कोणासच साधले नाही. क्षमा मागणे मात्र प्रत्येकास साधण्याजोगे आहे.