हरवलेली जनुकं आणि मुदतीचा ताप



लग्नाच्या पंगतीनंतर पन्नास जणांची पोटं बिघडतात. उलट्या, जुलाब, थोडा ताप. आठवडाभरात बहुतेक जण सावरतात. त्याच गावात एखाद्या मुलाला ताप येतो आणि तो रोज थोडाथोडा चढत जातो. जुलाब होतीलच असं नाही, पुष्कळदा पोट उलट गच्च असतं. उपचार झाले नाहीत तर तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडण्याची भीती असते. पहिल्या आजाराला आपण अन्नातून विषबाधा म्हणतो, दुसऱ्याला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड. या दोन्हींमागे एकाच जातीचा जिवाणू असू शकतो: साल्मोनेला एंटेरिका. एकच जात इतके वेगळे आजार कशी देते, हा आजचा विषय.

या जातीचे अडीच हजारांहून अधिक उपप्रकार नोंदले गेले आहेत. ही वर्गवारी जिवाणूच्या अंगावरच्या खुणांवरून केलेली आहे. ‘ओ’ ही त्याच्या आवरणावरची खूण, ‘एच’ ही त्याच्या शेपटीवरची. तुमच्यापैकी अनेकांनी विडाल चाचणीच्या रिपोर्टवर ‘टीओ’ आणि ‘टीएच’ पाहिलं असेल, ते इथूनच आलं. पण अंगावरच्या खुणा आजाराबद्दल फार काही सांगत नाहीत. टायफॉइडचा टायफी, अंड्यांतून पोट बिघडवणारा एंटेरिटिडिस आणि कोंबड्यांचे कळप मारणारा गॅलिनेरम या तिघांच्या अंगावर नऊ क्रमांकाची ‘ओ’ खूण सारखीच असते. नुसत्या एका विडालवर टायफॉइडचं निदान करून मोकळे होणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

आजारातला फरक शोधायला खुणांपलीकडे, जनुकांकडे जावं लागलं. २५ ऑक्टोबर २००१ च्या ‘नेचर’च्या अंकात दोन शोधनिबंध पाठोपाठ छापून आले. एकात टायफीचा संपूर्ण जनुकसंच होता. त्यासाठी वापरलेला सीटी१८ हा वाण व्हिएतनाममधल्या एका रुग्णाकडून मिळाला होता आणि अनेक औषधांना दाद देत नव्हता. दुसऱ्यात टायफिम्युरियमचा जनुकसंच होता, प्रयोगशाळांत कित्येक दशकं वाढवलेल्या एलटी२ या वाणाचा. टायफिम्युरियम उंदरांना टायफॉइडसारखा आजार देतो आणि माणसाचं पोट बिघडवतो. दोघांच्या मुख्य गुणसूत्राची लांबी जवळपास सारखी, ४८ लाखांच्या वर डीएनएची अक्षरं. टायफीकडे सुमारे ६०० जनुकं अशी निघाली जी टायफिम्युरियमकडे नाहीत. उलट बाजूने मोजलं तर सुमारे ४८०.

इथपर्यंत कुणाला नवल वाटलं नसेल. जास्तीच्या जनुकांत टायफीचं विष असणार, चिलखत असणार, ते शोधलं की झालं, असं वाटणं साहजिक होतं. ते काही अंशी खरंही ठरलं. पण निबंधातला दुसरा एक आकडा मला जास्त बोलका वाटतो. टायफीत २०४ जनुकं मोडलेली होती. जुन्या वाड्यातल्या कुलूपबंद खोल्यांसारखी, नकाशात आहेत पण वापरात नाहीत. टायफिम्युरियममध्ये अशी जनुकं चाळीसच्या आसपासच निघाली. म्हणजे अधिक गंभीर आजार देणाऱ्या जिवाणूकडे अधिक मोडतोड होती.

ही मोडतोड कुठे झाली ते पाहू. बरीचशी जनुकं आतड्यात टिकून राहण्याच्या कामाची होती: आतड्याच्या अस्तराला चिकटणं आणि सुजलेल्या आतड्यातल्या खास पदार्थांवर जगणं. टायफिम्युरियमचा डाव असा असतो. तो आतड्याला मुद्दाम सूज आणतो. सुजेमुळे आपल्याच पेशी जे तिखट ऑक्सिजन-रेणू सोडतात, त्यांच्यामुळे तिथल्या गंधकाच्या संयुगापासून टेट्राथायोनेट तयार होतं. टायफिम्युरियमला ते वापरून ऑक्सिजनशिवाय ‘श्वास’ घेता येतो, आतड्यातल्या इतर बहुतेक जिवाणूंना येत नाही. त्यामुळे गर्दीत त्याचीच भरभराट होते आणि जुलाबांतून तो पुढच्या माणसापर्यंत, पुढच्या जनावरापर्यंत पोहोचतो. हे २०१० मध्ये सिद्ध झालं. गंमत अशी की साल्मोनेला वेगळा काढायला टेट्राथायोनेट घातलेलं द्रावण प्रयोगशाळा १९२३ पासून वापरत होत्या. शरीरात त्याचं काय काम, याचा उलगडा व्हायला आठ दशकांहून अधिक काळ गेला.

टायफीमध्ये टेट्राथायोनेट ओळखण्याची यंत्रणाच मोडलेली आहे. आतड्यात दंगा करणं हा त्याचा मार्गच नाही. तो अस्तरातून निसटतो, मॅक्रोफेज नावाच्या रक्षक पेशींमध्ये शिरतो आणि त्यांच्यातूनच यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा, पित्ताशय गाठतो. इथे त्याने कमावलेलं एक साधन कामी येतं. साल्मोनेला रोगकारक बेट क्रमांक ७ म्हणून ओळखला जाणारा, सुमारे १ लाख ३४ हजार अक्षरांचा डीएनएचा तुकडा त्याने बाहेरून मिळवला. त्यात व्हीआय नावाच्या शर्करामय आवरणाची जनुकं आहेत. हे आवरण ‘ओ’ खूण झाकून टाकतं, त्यामुळे धोक्याची सूचना उशिरा जाते. आठवडा-दोन आठवडे माणसाला काही कळत नाही, याचं हे एक कारण.

टायफी फक्त माणसालाच का धरतो, याचाही धागा हरवलेल्या जनुकाशी जाऊन मिळतो. येल विद्यापीठातले स्टेफानिया स्पानो आणि होर्हे गालान यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या मॅक्रोफेजमध्ये टायफी टिकत नाही, टायफिम्युरियम टिकतो. टायफिम्युरियमकडे जीटीजीई नावाचं प्रथिन आहे. उंदराच्या पेशीतलं रॅब३२ हे संरक्षक प्रथिन ते कापून टाकतं. टायफीकडे ते जनुक नाही. संशोधकांनी ते एकच जनुक टायफीत घातलं आणि टायफी उंदराच्या पेशींत वाढू लागला. जिवाणूने कोणत्या प्राण्यात राहायचं, ही मर्यादा एका जनुकाने सरकली.

गालान यांच्याच प्रयोगशाळेने टायफीच्या विषाची रचना उलगडली, आणि ते विष माणसाच्या पेशींवरच्या विशिष्ट शर्करेला चिकटतं हेही दाखवलं. बहुतेक सस्तन प्राणी त्या शर्करेत आणखी एक बदल करतात. तो बदल करणारं जनुक मानवाच्या वंशात फार पूर्वीच निकामी झालं. म्हणजे आपलंही एक मोडकं जनुक या हिशेबात आलं. ही कथा इतकी देखणी होती की तीच संपूर्ण खरी असावी असं वाटे. पण ऑक्सफर्डच्या गटाने स्वयंसेवकांना एकीकडे विष बनवणारा आणि दुसरीकडे विष न बनवणारा टायफी देऊन पाहिलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: टायफॉइड दोन्ही गटांत झाला, आणि ठळक फरक दिसला नाही. तीव्र आजारात त्या विषाचं काम नेमकं काय, हा प्रश्न पुन्हा उघडा पडला.

हा मोडतोडीचा प्रवास आफ्रिकेत आपल्या डोळ्यांदेखत चालला आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला टायफिम्युरियमचाच एसटी३१३ नावाचा गट थेट रक्तात शिरतो आणि माणसं दगावतात. बळी कोण? एचआयव्हीबाधित, आणि मलेरियाने व कुपोषणाने खचलेली लहान मुलं. मलावीतल्या ब्लँटायर शहरातून मिळालेल्या डी२३५८० या वाणाचा जनुकसंच २००९ मध्ये वाचला गेला, तेव्हा त्यात टायफीच्या वाटेवरची मोडतोड दिसली. शिवाय एका जनुकाच्या आधीचं केवळ एक अक्षर बदललेलं होतं. त्या बदलाने पीजीटीई हे प्रथिन जास्त बनतं आणि जिवाणू माणसाच्या रक्तरसातल्या संहारक प्रथिनांपुढे तग धरतो. हे २०१८ मध्ये कळलं.

आता आपल्या दारापाशी येऊ. टायफीचं व्हीआय आवरण हेच आजच्या लसीचं लक्ष्य. हैदराबादच्या भारत बायोटेकच्या संयुग्म लसीला डिसेंबर २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली, आणि सार्वजनिक मोहिमेत ती जगात प्रथम वापरली ती नवी मुंबई महानगरपालिकेने, २०१८ मध्ये. ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख १३ हजार मुलांना ती टोचली गेली. या गोष्टीचं आपल्याकडे फारसं कौतुक झालं नाही, ते व्हायला हवं होतं.

पण पॅराटायफॉइड देणाऱ्या पॅराटायफी ए कडे क्रमांक ७ चं बेटच नाही, त्यामुळे व्हीआय आवरणही नाही. त्याचीही १७३ जनुकं मोडलेली आहेत, पण बहुतेक मोडतोड त्याची स्वतःची, टायफीपेक्षा वेगळी. वेगळ्या वाटेने येऊन तो जवळजवळ तसाच ताप देतो. व्हीआयवर बेतलेल्या लसीकडून त्याच्यावर काही परिणामाची अपेक्षा धरता येत नाही. त्याच्या ‘ओ’ खुणेवर बेतलेला भाग टायफॉइडच्या लसीला जोडून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दुहेरी लस तयार केली, आणि तिच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ती दुहेरी लस हाती येईपर्यंत, टायफॉइडची लस घेतलेल्या मुलालाही मुदतीसारखा ताप आला, तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्त कल्चरला पाठवा. टायफी की पॅराटायफी, आणि कोणतं औषध त्याला लागू पडेल, हे त्यातूनच कळेल.