चौथाई मापाचा ओळंबा

वैनगंगेच्या काठावरील भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले असले, तरी भांडी घडवण्याचे पितळ आणि यंत्रावर कापण्याचे पितळ एकच नसते, हे घरच्या कार्यशाळेत लघुहत्यारे करू पाहणाऱ्याने प्रथम जाणून घ्यावयास हवे. लघुहत्यार म्हणजे गवंडी, सुतार किंवा लोहार यांच्या हत्याराची ठरावीक प्रमाणात लहान केलेली आणि तरीही खरे काम करणारी प्रतिकृती. भातुकलीतील पितळी कढईत स्वयंपाक करावा अशी कोणाचीही अपेक्षा नसते, परंतु लघुपान्ह्याने लघुनट फिरलाच पाहिजे. भांड्यांचे पितळ मऊ असते व हातोडीखाली पसरते, तर लेथवर, म्हणजे वस्तू फिरती ठेवून स्थिर टोकाने तासणाऱ्या यंत्रावर, सुमारे 3 टक्के शिसे मिसळलेले पितळ वापरतात, कारण शिशामुळे कातण तुटून बारीक होते आणि पृष्ठभाग स्वच्छ निघतो. अशा कामानंतर हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये, हेही येथेच सांगितलेले बरे.

लंडनमध्ये 1898 साली ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक निघाले, तेव्हापासून घरगुती यंत्रकामाला लिखित परंपरा आहे. पुढे टेबलावर मावणारे लेथही आले. भंडारा जिल्ह्यात यंत्रकामाचे ज्ञान मात्र कारखान्याच्या दारातून आले असून, गडेगाव येथील अशोक लेलँडच्या कारखान्यात गिअरबॉक्स तयार होतात. गिअरच्या दात्याला लागणारी काटेकोर मोजणी आणि कासार-तांबटांच्या हाताला असलेली धातूची जाण ही दोन्ही भंडाऱ्यात शेजारी नांदत असल्याने, लघुहत्यारांसाठी याहून सोयीचे ठिकाण शोधणे अवघड आहे.

यातील खरी अडचण मापांच्या गणितात आहे. पूर्ण मापाच्या हत्याराची लांबी, रुंदी व जाडी चौथाई केली, की त्याचे वजन चौथाई न राहता 64 पटीने घटते. म्हणजे 1 किलोची हातोडी साधारण 16 ग्रॅमची होते आणि तिचा ठोका जवळजवळ नाममात्र उरतो. कापण्याचा वेगही वस्तूच्या व्यासावर अवलंबून असतो. पितळाच्या पृष्ठभागाने टोकापुढून मिनिटाला 60 मीटर सरकावे असे ठरवल्यास, 36 मिलिमीटर व्यासाच्या दांड्याला मिनिटाला सुमारे 530 फेरे पुरतात, पण 3 मिलिमीटरच्या दांड्याला सुमारे 6,400 फेरे लागतात, आणि जुन्या जड लेथला हा वेग झेपत नाही. आट्यांचे तर प्रमाणात लहान होणे अनेकदा शक्यच नसते: 6 मिलिमीटरच्या स्क्रूच्या दोन आट्यांतील 1 मिलिमीटरचे अंतर चौथाई मापात 0.25 मिलिमीटर व्हायला हवे, परंतु बाजारात सहज मिळणाऱ्या जवळच्या 1.6 मिलिमीटरच्या टॅपचे, म्हणजे आतील आटे पाडण्याच्या हत्याराचे, ते अंतर 0.35 मिलिमीटर असते. ही तडजोड उघडपणे स्वीकारणारा कारागीर, प्रमाणाच्या हट्टापायी निकामी स्क्रू करणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ मानावा लागेल.

या दृष्टीने आरंभासाठी ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंडी दोरीला बांधून सोडतो ते वजन, सर्वांत योग्य ठरतो. हातोडीचे बिघडते तसे त्याचे काम लहानपणामुळे बिघडत नाही, कारण गुरुत्वाकर्षणाची दिशा मोठ्या आणि लहान वजनाला सारखीच असते; फक्त 320 ग्रॅमचा ओळंबा चौथाई मापात 5 ग्रॅमचा होत असल्याने पंखा बंद ठेवावा लागतो. त्याच्यासोबत दोरीवर सरकणारा लाकडी गट्टू असतो, आणि त्याची रुंदी ओळंब्याच्या व्यासाइतकी असेल तरच, गट्टू भिंतीला टेकवला असता ओळंबा भिंतीला जेमतेम स्पर्श करतो. पूर्ण मापात 0.2 मिलिमीटरची चूक जितकी जाणवते, तितकीच चौथाई मापात 0.05 मिलिमीटरची जाणवते. म्हणून पितळेच्या या 9 मिलिमीटरच्या ओळंब्याचा व्यास आणि लाकडाच्या गट्टूची रुंदी एकाच मायक्रोमीटरने, एकाच बैठकीत मोजावी, आणि लाकूड पावसाळ्यात फुगते हे ध्यानात ठेवून गट्टू उन्हाळ्यातच कातावा.