मैल्याच्या गाळातला गॅस

लोणार सरोवराचं पाणी इतकं खारट आणि अल्कधर्मी, की सामू दहाच्या आसपास. तरीही त्याच्या तळच्या चिखलात मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव संशोधकांना सापडले आहेत. त्यांचेच भाऊबंद सांडपाण्याच्या गाळापासून बायोगॅस बनवतात. त्यांना मात्र सामू सातच्या जवळ, ऊब पस्तीसेक अंशांची आणि टाकी हवाबंद लागते.

असा गॅस वापरणं नवं नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात 1897 मध्येच मैल्याच्या टाक्यांतला वायू इंजिनासाठी वापरला गेला!

नुसत्या गाळातून गॅस बेताचाच निघतो. त्यात साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) किंवा डेअरीचं सांडपाणी मिसळलं की तो वाढतो. पण हे बेताबेतानं घालावं. एकदम ओतलं तर टाकीत आम्ल साचतं आणि मिथेनचं काम थंडावतं. गॅसला सडक्या अंड्यांचा वास आला, तर तो हायड्रोजन सल्फाइड. लोखंडाचा कीस भरलेल्या डब्यातून गॅस नेला की हायड्रोजन सल्फाइड बराचसा निघून जातो.

पुन्हा लोणारकडे वळू. सरोवराला 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. गावाचं सांडपाणी तिकडे वाहत जावं, हे मनाला लागतं. ते अडवून शुद्ध केलं, तर उरलेला गाळ अशा टाकीत घालता येईल. गॅस काढल्यावरची मळी शेतात टाकण्याआधी जड धातूंसाठी तपासून घ्यावी.